ई-मेलने पाठवलेलं पहिलं पत्र

मी संशयी आहे. हे माझे यजमान म्हणतात, सासरची माणसं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही मान्य आहे. सुरतेत साड्यांचा धंदा करायचा आणि संशय घ्यायचा नाही, म्हणजे दार उघडं टाकून गावाला जायचं.

सुरतेच्या उधना भागात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत चार शिलाई मशीनं. प्लेन साड्या आणायच्या, त्यांना लेस-पट्ट्या लावायच्या आणि बाहेरगावच्या दुकानदारांना पाठवायच्या, हा आमचा धंदा. मशीनवर आमच्याच गल्लीतल्या खानदेशी बायका बसत. नवीन डिझाइन सुरू झालं की घरी जाताना मी त्यांनाही पिशव्या झटकून दाखवायला लावी. बोटभर पट्टी बाहेर गेली तरी आठ दिवसांत शहराच्या दुसऱ्या टोकाला, पर्वत पाटिया भागात, कुणीतरी तीच साडी स्वस्तात विकायला बसे. एकदा नाही, दोनदा झालं होतं हे.

गिऱ्हाइकांना पत्रं लिहायचं काम माझं. बसून एकेकाला वेगळं लिहायची. नमुन्याचा तुकडा मात्र टाचत नसे. आधी होकार, मग नमुना. आणि प्रत्येक पत्रात एक ठरलेलं वाक्य असे: 'हे डिझाइन खास तुमच्यासाठी ठेवलं आहे, दुसऱ्या कुणाला दाखवलेलं नाही.' सुरतेच्या मार्केटात हे सगळेच बोलत. गादीवरचा व्यापारी समोरच्याला सांगे, तो उठून गेला की पुढच्याला सांगे. 'या, बसा' म्हणावं इतक्या सहज. आपण खोटं बोलतोय असं कुणाच्या मनातही येत नसे. माझ्याही नाही.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अकोल्याच्या काकू. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने चालवलं. लग्नसराईच्या आधी त्या स्वतः सुरतेला यायच्या, आमच्याकडे जेवायच्या आणि चारही मशीनं दोन महिने चालतील एवढं काम सांगून जायच्या. त्या तुटल्या तर दोन मशीनं बंद करून झाकून ठेवावी लागणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. यजमान मार्केटातून ई-मेलचं खूळ घेऊन आले.

"तुनं पत्र पोचस तोवर दुसरास्ना माल दुकानमा लागी जास," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

"आणि ते पत्र मधे कुठं थांबतं? कोण वाचतं?" मी विचारलं.

"तुले सगळा चोरच दिखतस," म्हणून ते जेवायला बसले.

शेवटी मीच हरले. दुकानदारांकडे चौकशी केली तेव्हा सात जणांचे पत्ते मिळाले. कुणाच्या मुलाचा, कुणाच्या शेजारच्या कॉम्प्युटर क्लासचा. काकूंनी त्यांच्या भाचीचा दिला. ते सात पत्ते मी एका चिठ्ठीवर लिहून ब्लाउजमध्ये ठेवले. गिऱ्हाइकांची यादी हाच आमचा खरा माल, ती यजमानांच्या खिशातसुद्धा मी ठेवू दिली नाही.

उधना रस्त्यावर एक सायबर कॅफे नुकताच निघाला होता. लाकडी फळ्या मारून केलेले चार खण आणि मालक म्हणून एक गुजराती भाई. त्याचा मेव्हणा लेसच्या धंद्यात आहे हे मी आधीच शोधून काढलं होतं. त्यामुळे खुर्चीत मी अशी तिरकी बसले की त्याला पडदा दिसू नये. टायपिंग शाळेत शिकले होते. इंग्रजी अक्षरांत हिंदी पत्र लिहिलं, ठरलेलं वाक्य घातलं. रंग कोणता ते लिहिलंच नाही, न जाणो. मग चिठ्ठी मुठीत धरून सातही पत्ते वरच्या एकाच चौकटीत ओळीने टाकले. एकदाच लिहिलं की सगळीकडे जातं, एवढं यजमानांनी ऐकून आणलं होतं.

मालक मागे येऊन उभा राहिला. "बेन, आमां बधानां सरनामां..." त्याने सुरुवात केली. यात सगळ्यांचे पत्ते, एवढंच मी ऐकलं. पत्त्यांवरच डोळा याचा!

"मला येतं," मी म्हटलं आणि पदर पसरून पडदा झाकला. तो बिचारा खांदे उडवून परत गेला. मी बटण दाबलं.

तीन आठवड्यांनी काकू आल्या. जेवायला नको म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून भाचीने छापून दिलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. वर ओळीने सात पत्ते. खाली 'खास तुमच्यासाठी'.

"पोरी, हे काय व्हय?"

मी म्हटलं, "काकू, धंद्यात असं लिहितातच. सगळेच लिहितात."

"मार्केटातले बोलतात, ते मी मनावर घेत नाही. पण तुह्यं पत्र मी खरं समजत होती." त्यांचा आवाज चढला नाही. "मागच्या साली तू मले 'खास' म्हणून देल्लेली साडी माह्या नणदेनं अमरावतीत पाह्यली होती. मी तिले चार बायकांत खोटी पाडली. म्हटलं, सुरतेची ती पोरगी मले फसवणार नाही."

मशीनं थांबली होती. बायका ऐकत होत्या. मला इतकी लाज वाटली की रडूही येईना. जन्मभर मी प्रत्येकावर संशय घेतला. पण माझं वाक्य कुणीतरी खरं मानत असेल, अशी शंका मला एकदाही आली नव्हती.

काकूंनी माल घेतला नाही. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. वाटेत माफी मागितली. रिक्षात बसून पिशवी मांडीवर घेतली आणि मग म्हणाल्या, "त्या बाकीच्या सहा जणायलेही वाईट वाटलं असन."

त्या सहा जणांचा मी तोवर विचारही केला नव्हता.