खिंडीअलीकडचे साडूभाऊ

काळजी हे जर पीक असतं, तर माझ्या थोरल्या साडूंनी प्रकाशा गावाहून रोज ट्रक भरभरून सुरतेच्या मार्केटात पाठवली असती आणि तरी घरात बियाण्यापुरती उरलीच असती. तापीकाठी केळी-पपईची उत्तम शेती, मुलगा मार्गी लागलेला, बी.पी. नाही की शुगर नाही. पण माणूस सकाळी उठतो तोच कशाची तरी धास्ती घेऊन. कुलूप लावलं की ओढून ओढून पाहणार, मग बायकोला ओढायला लावणार आणि शहाद्याच्या अर्ध्या वाटेवर 'मोटार बंद शे ना?' म्हणत गाडी मागं वळवणार. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा एकटीच एसटीनं आमच्याकडे शहाद्याला निघाली. हे मोटारसायकलवर त्या एसटीच्या मागं. अक्का स्टँडवर उतरते तर हे समोर हेल्मेट घालून उभे. नीट उतरलीस ना, मग बरं, एवढं बोलून आल्या पावली परत. चहालासुद्धा थांबले नाहीत, कारण घराला कुलूप लावल्याचं आठवत नव्हतं.

अक्का म्हसावदची. लहानपणी रोज अंगणातून सातपुडा दिसायचा, पण पोरीबाळींना डोंगर दाखवायला कोण नेतंय? मग लग्न होऊन नदीकाठच्या सपाटीवर आली. एकदा टीव्हीवर तिनं लडाखमधलं नुब्रा खोरं पाहिलं. कड्यावर बुद्धाचा मठ, खाली वाळू आणि त्या वाळूत दोन वशिंडांचे उंट. मुलानं लग्नाच्या वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं, तर बाई साडी म्हणाली नाही, बांगड्या म्हणाली नाही. 'माले ते खोरं देखनं शे,' म्हणाली. आख्ख्या संसारात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. साडूंना नाही म्हणवेना आणि हो म्हणायचा धीर होईना. शेवटी, चार माणसं असलेली बरी, असं म्हणून त्यांनी आम्हा नवराबायकोलाही त्या संकटात ओढलं.

सुरतेहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह. साडूंनी महिनाभर मोबाईलवर एवढाच अभ्यास केला होता: विमानतळ डोंगरांच्या बेचक्यात आहे, वारा सुटला की विमान उतरत नाही, ढग आले तर तसंच परत नेतात. हे आम्हाला वाटेत इतक्यांदा ऐकवलं की मलाही ते पाठ झालं. विमानात त्यांनी पट्टा असा आवळला की हवाईसुंदरीनं येऊन तो सैल केला. बर्फाची शिखरं आधी आमच्या खाली होती, मग बरोबरीला आली, मग चक्क वर गेली आणि विमान एका कुशीवर कललं. मला घाम फुटला, खोटं कशाला बोलू. साडू डोळे मिटून गावच्या केदारेश्वराचा धावा करत होते. मधेच एक डोळा उघडून म्हणाले, 'भाऊ, पंख हाली ऱ्हायना.' मी म्हटलं, हलतोच तो. तर म्हणे, पायलटला कुणीतरी सांगायला पाहिजे. अक्का मात्र काचेला नाक लावून बसली होती. तिला ना देव आठवत होता, ना आम्ही.

लेहला हवा विरळ, तेव्हा सावकाश चाला, दोन दिवस पडून राहा, असं सगळ्यांनी बजावलं होतं. साडूंनी चोरीच्या भीतीनं चौघांच्या बॅगा एकट्यानं उचलल्या. मग खोलीत अक्काचा श्वास नीट चाललाय ना, हे बघायला सारखे उठत राहिले. अक्का घोरत होती आणि हे धापा टाकत होते. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं आम्हाला जवळपासचे मठ दाखवायला नेलं. एका टेकडीवर जुना राजवाडा दिसला. साडूंनी विचारलं, 'हाई काय शे?'

'शे,' ड्रायव्हर म्हणाला.

'हां, पन काय शे?'

'शे, सर.'

साडू माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शिकवून ठेवलं होतं. मी पाटी वाचून सांगितलं, की अहो, गावाचं नावच शे आहे. अक्का हसून हसून डोळे पुसायला लागली. परमुलखात 'आहे'ला 'शे' म्हणणारं, आपली अहिराणी बोलणारं गाव निघालं म्हणून साडूही खुलले, सबंध प्रवासात पहिल्यांदा. त्याच आनंदात गाडीतून उतरले, ताडताड पायऱ्या चढायला लागले आणि मधेच खाली बसले. ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण यांनी पुढची उंच खिंड ओलांडायची नाही. नुब्र्याचा रस्ता त्याच खिंडीतून, आणि आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. अक्कानं क्षणाचाही विचार केला नाही. राहू द्या ते खोरं, मी इथंच बसते, म्हणाली. आवाजात कुरकुर नव्हती, त्याचंच मला वाईट वाटलं. इतक्या जवळ येऊन ती तशीच परत जाणार होती, आणि पुन्हा काही मागणारी ही बाई नव्हे.

साडूंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. 'तू जाय,' ते म्हणाले.

अक्कानं समजावलं, की तिकडं एक मुक्काम आहे, आपले प्रीपेड फोन इथं चालत नाहीत, पोचल्याचं कळवणार कसं? मी मनात म्हटलं, संपलं.

'नको कळवू,' साडू म्हणाले. 'बठ्ठं, सगळं देखी ये.'

सकाळी दोघी बहिणी गेल्या. मी साडूंजवळ थांबलो. दवाखान्याच्या खिडकीतून खिंडीकडचा डोंगर दिसत होता. त्याच्यावर ढग आला की साडू उठून बसायचे, ढग सरकला की आडवे व्हायचे. जेवणाला शिवले नाहीत. पण गाडी मागं बोलवा, असं एकदाही म्हणाले नाहीत. मला त्या माणसाची फार माया आली आणि मीही त्यांच्याबरोबर ढग मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. अक्का उतरली ती बोलतच. उंट कसे चालतात, मठात चिमुरडे भिक्षू कसे पळतात, वरून नदी कशी दोऱ्यासारखी दिसते. चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि नुकत्याच शाळेतून आलेल्या पोरीसारखी ती दम न घेता सांगत होती. साडू दवाखान्याचं फाटक धरून उभे होते. तिचं बोलून होईपर्यंत नुसते ऐकत राहिले.

याला आता दोन वर्षं झाली. अक्काला डोंगरांची चटक लागली आहे. गेल्या वर्षी बचत गटातल्या बायकांबरोबर सिक्कीम झालं, सध्या स्पितीला गेली आहे. परवा संध्याकाळी साडूंचा फोन आला. म्हणाले, 'भाऊ, पयले ती माले इचारे, जाऊ का. आते सांगस, जाई ऱ्हायनू.'

चांगलंच आहे की, मी म्हटलं.

'चांगलंच शे.' मग म्हणाले, 'मीच सांगं व्हतं ना तिले, जाय.'

मी जेवायला या म्हटलं. आले, दोन भाकरी खाल्ल्या आणि उशिरापर्यंत आमच्याकडेच बसून राहिले.