थवा का उडाला

टबातल्या ओल्या फडक्यावर बोटं आपटत मी फ्लेमिंगो चालवत होतो. निसर्गपट बघताना चिखलात पक्ष्याच्या पावलांचा पचपच आवाज येतो ना, तो असा येतो. पक्षी असतो लांब. लेन्सने तो जवळ दिसतो, पण त्याची पावलं ऐकू येत नाहीत. मग आमच्यासारखे लोक स्टुडिओत ती बनवतात. याला फॉली म्हणतात. पंखांसाठी चामड्याचे हातमोजे फडफडवायचे.

ड्रॅगनही ओरडवलेत मी. अंतराळात हवाच नाही, तरी प्रत्येक शहाण्याला तिथे दणदणीत स्फोट हवा असतो. ते चालतं, कारण ड्रॅगन खोटा हे पोराटोरांनाही माहीत असतं. निसर्गपटवाले मात्र माझे हातमोजे फडफडवून वर सत्याचा आव आणतात. त्या पापात मीही आहे, कबूल.

ही फिल्म ठाण्याच्या खाडीवरची होती. दिग्दर्शक समीर, पस्तिशीचा, निसर्गावर बोलायला लागला की डोळे मिटून घेणारा. पडद्यावर एक होडी थव्यात घुसली, हजारो पक्षी उडाले आणि निवेदक गहिवरून म्हणाला, 'एका मच्छीमाराच्या बेपर्वाईने ही शांतता भंगली.'

होडीतला माणूस मी ओळखला. काशिनाथकाका. इथे कोपरीत आमच्या घरी मासळी येते ती त्यांच्याच बायकोकडून. थंडीत काका लोकांना होडीतून पक्षी दाखवायला नेतात. या फेऱ्यांची परवानगी कुणाला द्यायची हे ठरवणारे साहेबच शुक्रवारी फिल्मचा प्रीव्ह्यू बघणार होते. म्हणजे म्हाताऱ्याच्या पोटावरच पाय.

मी काकांना फोन लावला.

"त्या शूटिंगवाल्यानंच सांगलं, आत घाल म्हणून," ते म्हणाले. "मी नको बोल्लो, पाखरं बुजतील. त्याला तेच पायजे होतं."

आता समीरसमोर काकांचा शब्द कोण धरणार? पण कॅमेऱ्याला स्वतःचा बारका माइक असतो. आजूबाजूची बडबड, खोकला, वेफर्सच्या पाकिटाची कुरकुर, सगळं त्यात येतं. हा गाईड ट्रॅक. निसर्गपटात तो शेवटी फेकूनच देतात, म्हणून ही मंडळी शॉट चालू असताना बिनधास्त गप्पा मारतात. दुसऱ्या कुठल्या सेटवर असं तोंड उघडलं तर हाकलून देतील. मी तो ट्रॅक लावला. समीर कॅमेऱ्याशेजारून काकांशी फोनवर बोलत होता, "काका, अजून आत घ्या. उडाले पाहिजेत."

त्याला बोलावून ऐकवलं. वाटलं, ओशाळेल. कसलं काय.

"दादा, स्टोरीला व्हिलन लागतो," तो म्हणाला.

"मग स्वतःचं नाव घाल की."

सगळेच असं करतात म्हणाला. तुम्ही तुमची पावलं वाजवा, स्टोरीचं मी बघतो, म्हणाला. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने नको म्हटलं, त्याच्याच माथी हे खापर?

शुक्रवारी प्रीव्ह्यूची कॉपी माझ्याकडूनच गेली. त्या शॉटखालचं व्हायोलिन मी काढलं आणि गाईड ट्रॅक तसाच ठेवला. हॉलमध्ये निवेदक गहिवरला, आणि त्याच्या पाठोपाठ समीरचा आवाज आला, "काका, अजून आत घ्या. उडाले पाहिजेत." पुढच्या रांगेतल्या साहेबांनी मान वळवून समीरकडे पाहिलं, बराच वेळ.

काकांना परवानगी मिळाली. मला समीरने पुन्हा काम दिलं नाही, त्याचं मला सुतक नाही.

शॉट मात्र फिल्ममध्ये आहे. एवढे पक्षी उडवल्यावर सोडतो कोण? फक्त निवेदन बदललंय. 'अचानक, कसल्याशा अज्ञात भीतीने थवा उडाला.' अज्ञात म्हणे! तेव्हापासून टीव्हीवर एखादं जनावर जिवाच्या आकांताने पळताना दिसलं, की मी आधी विचारतो, कॅमेऱ्यामागे कोण होतं?