दुसऱ्याच्या कबुलीतला आवाज

ताईंचा व्यवसाय दुभाष्याचा. त्या कामाचा रिवाज असा की समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं, 'हे असं म्हणतात' अशी पुस्ती जोडायची नाही. एकदा कोर्टात त्या "मी ह्या माणसाबरोबर एक दिवसही राहणार नाही" असं इतक्या तळमळीनं बोलल्या, की डबा घेऊन आलेले त्यांचे यजमान मागच्या बाकावर दचकून उभे राहिले. यजमान म्हणायचे, "दिवसभर दुसऱ्यांचं बोलते, मग स्वतःचं उरलेलं सगळं माझ्या वाट्याला येतं."

पुढे परदेशातल्या विद्यापीठातून एक प्राध्यापिका आल्या. चांगली साधी माणसं धर्माच्या नावानं पेटतात ती कशी, हा त्यांचा अभ्यास. कट्टर गटातून बाहेर पडलेली गावातली चार-पाच माणसं बोलायला तयार झाली. नाव आणि आवाज कधी बाहेर जाणार नाही, असा शब्द प्राध्यापिकेनं दिला आणि ताईंनीही दिला.

त्यातला एक जण म्हणाला, "घरात मला कुणी विचारत नव्हतं. तिथं रोज कुणीतरी माझ्यासाठी जागा धरून ठेवायचं. ती जागा जाऊ नये म्हणून शिंप्याच्या दुकानाला काडी मी लावली. लावल्यावर फार शांत वाटलं." ताईंनी ते जसंच्या तसं परक्या भाषेत सांगितलं. दुकान त्यांच्याच गल्लीतल्या टेलरमास्तरांचं होतं. त्यांना आतून गलबलून आलं, पण दुभाष्याला मध्येच रडायची सोय नसते.

काही महिन्यांनी विद्यापीठानं त्या मुलाखतीचा एक तुकडा सगळ्यांना ऐकायला इंटरनेटवर ठेवला. दिलेला शब्द त्यांनी अगदी कसोशीनं पाळला आणि त्या माणसाचा आवाज पार काढून टाकला. उरला तो ताईंचा, आणि तो दुभाष्याचा आहे असं कुठं लिहिलेलंही नव्हतं. दुभाषीही जिवंत बाई असते, तिला शेजारपाजार असतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टेबलावरच्या माइकला कोण विचारतो?

आता मास्तरांची मुलगी ती भाषा शिकली होती कुणाकडे, तर ताईंकडे, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून. तिनं आवाज पहिल्या वाक्याला ओळखला. "दुकानाला काडी मी लावली."

दुसऱ्या दिवशी ताईंनी शिवायला टाकलेलं पडद्यांचं कापड तसंच्या तसं परत आलं. मुलगी दारातून म्हणाली, "बाबांना वेळ नाही." ताईंकडे तिनं पाहिलंही नाही.

ती मी नव्हे, एवढं सांगता आलं असतं. पण मग कोण, हा प्रश्न आलाच असता, आणि चार-पाच जणांतून एक हुडकायला गावाला कितीसा वेळ लागतो? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मास्तरांसारख्या शेजाऱ्यानं आपल्याला तसलं समजावं, ह्याचं ताईंना इतकं लागलं की त्या गल्लीतून मान खाली घालून जायला लागल्या.

शेवटी त्यांनी प्राध्यापिकेला फोन लावला. "आज मी म्हणजे मीच बोलतेय," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला तुम्ही झाकलंत, छान केलंत. मला कुणी झाकायचं? सारखं इथल्या माणसांशी भागीदारी, भागीदारी म्हणता. मग बाहेर काय जाणार हे ठरवताना मला का नाही विचारलं?"

बाई भली होती. तिनं सबबी सांगितल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत तो तुकडा इंटरनेटवरून उतरवला गेला. तिथं खुलासा आला, की आवाज दुभाष्याचा आहे, चूक आमची आहे, आणि यापुढे इथल्या माणसांनी आधी ऐकल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. ताईंचा निम्मा जीव भांड्यात पडला. उरलेला निम्मा मास्तरांच्या दुकानात अडकला होता.

तिकडे जाण्याआधी त्यांनी त्या माणसाला गाठलं. त्या तुकड्यात त्याच्या बोलण्याचा पुढचा भाग कापला गेला होता. तो मास्तरांना सांगू का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "सांगा त्यांना. नाव नको. पण जसं बोललो तसंच सांगा."

मास्तर मशीनवर होते. मुलीनं खुलासा वाचून दाखवला होता, आणि ती आता ताईंना खुर्ची पुसून देत होती.

"बसा ताई," मास्तर म्हणाले. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुमच्या हातून एका काडीत शेगडी पेटत नाही, दुकान कुठलं पेटतंय?"

ताईंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. केवढं मोठं ओझं उतरलं होतं.

मास्तरांनी मशीन थांबवलं. "तो पुढे काही बोलला का?"

"बोलला. तुम्हाला सांगा म्हणालाय." ताई कामाला बसतात तशा ताठ बसल्या. "आत मशीन होतं, ते तुमच्या वडिलांचं, हे मला नंतर कळलं. मी अजून त्या गल्लीतून जात नाही. माफ करा म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणतो."

मास्तर नव्या मशीनच्या चाकावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी ऐकलं. माफीचं नंतर बघू. गल्लीतून जायला माझी हरकत नाही." आणि टेप उचलून गळ्यात टाकत, "पडद्याचं कापड कुठाय? आणा इकडे."

कापड ताईंच्या पिशवीतच होतं. घरी जाताना त्या मान वर करून चालल्या, दिसेल त्याची चौकशी करत.

पोचल्या पोचल्या त्यांनी त्या माणसाला फोन लावला. "मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "माफीचं नंतर बघू. गल्लीतून जायला माझी हरकत नाही."

पलीकडून हुंदका ऐकू आला. ताई थांबल्या, आणि स्वतःचा एकही शब्द त्यांनी त्यात घातला नाही.