छत्तीस म्हात्रे

"तुमच्या माणसाने एकच पक्षी धरलाय आणि छत्तीस ट्यूब भरल्यात," सर फोनवर म्हणाले. "रिपोर्ट पाठवू नका. आणि पुढच्या ट्रिपला तो माणूस नको."

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे माझी लहानशी डीएनए लॅब आहे. रोजचं काम साधं. पोपट पाळणारे लोक पीस आणून देतात, आम्ही नर की मादी ते सांगतो. बाहेरून बघून ते कळत नाही. त्या वेळी मात्र पुण्याच्या एका प्राध्यापकांचं, म्हणजे या सरांचं काम हातात होतं, दूरच्या एका बेटावरच्या चष्मेवाल्यांचं. चष्मेवाला म्हणजे चिमणीहून लहान, हिरवट-पिवळा पक्षी, डोळ्याभोवती पांढरं कडं. रीतसर परवानगी काढून पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एकेक थेंब आणायचा होता. तो हिराजी म्हात्रेंनी आणला.

हिराजीभाऊ उरणकडचे, मिठागरात वाढलेले. नुसत्या शिट्टीवरून पाखराचं नाव सांगतात. जाळ्यात गुंतलेलं पाखरू ते इतक्या हलक्या हाताने सोडवतात की बघत राहावं. बारा वर्षं माझ्याबरोबर आहेत.

पहिली टेस्ट होती आईकडून येणाऱ्या डीएनएची. हा भाग बापाकडून येतच नाही. इकडच्या, म्हणजे मुख्य भूमीवरच्या चष्मेवाल्यांत त्याचे सात-आठ प्रकार मिळाले होते. बेटावरच्या छत्तीस ट्यूबमध्ये एकच. अक्षराचाही फरक नाही. हे कळवलं आणि सरांचा तो फोन आला.

खरं सांगते, मलाही सरांचं पटलं. पाऊस, जळवा, जाळं लावून तासन्‌तास बसणं, माणूस कंटाळतो. मी हिराजीभाऊंना बोलावलं.

"भाऊ, सगळे पक्षी वेगळे होते ना?"

रोख त्यांना लगेच कळला. चेहरा उतरला. "मॅडम, आमी खोटं कशाला करू?"

"सगळ्यांचं एकच येतंय हो."

"काय एकच येतंय?"

"आईकडची ओळख. समजा, आडनाव."

 ते म्हणाले, "आमच्या गावची मतदार यादी बघा. पानंच्या पानं म्हात्रे. आडनाव एक हाय म्हणून मानूस पन एकच हाय काय? नाव तरी वाचा."

मी ओशाळले. एवढी शिकलेली मी, आणि आडनावावरच थांबले होते.

आधी आमची रोजचीच टेस्ट केली, नर-मादीची. नराची एक रेघ उमटते, मादीच्या दोन. एकोणीस नर निघाले, सतरा माद्या. मी सरांना फोन लावला.

"एकच पक्षी नर आणि मादी दोन्ही कसा असेल, सर?"

"मग दोन धरले असतील!"

इतक्यात हार मानतील तर ते सर कसले.

मग मोठी टेस्ट लावली. डीएनएच्या काही ठरावीक जागा तपासायच्या आणि त्यावरून एकेक जीव वेगळा ओळखायचा. पोलीस वापरतात तीच पद्धत. आठ दिवस लागले. ते आठ दिवस हिराजीभाऊ लॅबमध्ये यायचे, नेमून दिलेलं काम करायचे आणि चहा न घेता जायचे.

छत्तीसचे छत्तीस पक्षी वेगळे निघाले! इकडे एकेका जागेवर दहा-दहा प्रकार दिसतात, बेटावर जेमतेम दोन-तीन. पत्ते थोडेच, पण प्रत्येकाच्या हातातली पानं वेगळी.

याचा अर्थ असा की केव्हातरी मूठभर चष्मेवाले समुद्र ओलांडून त्या बेटावर उतरले. वाऱ्यानेही ढकललं असेल. आले ते थोडीच आडनावं घेऊन आले. ज्या माद्यांची लेकरं जगली नाहीत किंवा ज्यांना नुसते नरच झाले, त्यांचं आडनाव तिथेच बुडालं. शेवटी एक उरलं. एवढ्या तोकड्या शिदोरीवर त्यांनी अख्खं बेट वसवलं. त्यात धोकाही आहे, एखादा नवा रोग आला तर तगून राहायला त्यांच्यात विविधता कमी. तरी जेमतेम दहा ग्रॅमच्या त्या जिवाचं मला अजून अपार कौतुक वाटतं.

रिपोर्ट वाचून सरांनी फोन केला. म्हणाले, "माझं चुकलं. म्हात्रेंचं नाव रिपोर्टमध्ये घाला. पुढच्या ट्रिपला तेच हवेत." माणूस तापट, पण सरळ.

मी हिराजीभाऊंची माफी मागितली. "जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले, "शेवटी नाव वाचलंत ना!" त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला.

पुढच्या ट्रिपहून आल्यावर त्यांनी ट्यूबच्या डब्याबरोबर मोबाइल पुढे केला. प्रत्येक पक्ष्याचा फोटो, शेजारी ट्यूबचा नंबर. पाखरू दर फोटोत वेगळं, ते धरणारा अंगठा तोच. मी फोटो मागितले नव्हते. बारा वर्षांत त्यांनी असा पुरावा कधी आणला नव्हता.

लॅबमध्ये चुकलेली टेस्ट पुन्हा लावता येते. मी हिराजीभाऊंना विचारलेला तो एक प्रश्न मात्र परत घेता आला नाही.