तळहाताएवढी पाटी

पेंटरला पाटी तपासायची एकच रीत माहीत होती. शेवटचा हात फिरवला की शिडीवरून उतरायचं, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या फुटपाथवरून डोळे बारीक करून पाहायचं. तिथून अक्षर वाचता आलं की काम झालं. पुढे पाट्या छापून मिळू लागल्या, शिडी अडगळीत गेली आणि पेंटर या वयात वेब पेज बनवायच्या वर्गाला जाऊ लागला. रीत मात्र सुटली नाही. कॉम्प्युटरवर पान तयार झालं की तो खुर्ची पार भिंतीपर्यंत मागे ढकलायचा आणि तिथून पाहायचा. वर्गातली मुलं हसायची, पण मायेने. त्यांचा तो पेंटरकाका होता.

वर्गाचं शेवटचं काम म्हणजे लँडिंग पेज. धंद्याची सगळी ओळख एकाच पानावर, आणि ते पान मोठ्या पडद्यावर बसतं तसं फोनवरही नीट बसलं पाहिजे. पेंटरने वहिनींचं पाळणाघर निवडलं. बायको गेल्यापासून तो भावाकडेच राहत होता. वहिनींनी पुढची खोली रिकामी करून, खिडक्यांना जाळ्या लावून सगळी तयारी केली होती. सोमवारी सुरू करायचं, आणि अजून एकाही मुलाचं नाव आलेलं नव्हतं. पान मी करून देतो, असं त्यांचा भाचा म्हणाला, तेव्हा "भाऊजी करतायत" एवढंच सांगून त्यांनी विषय मिटवला होता. त्या दोन शब्दांचंच पेंटरला ओझं झालं होतं.

शनिवारी एकमेकांची पानं तपासायचा तास होता. प्रत्येक पानावर तिघांनी अभिप्राय द्यायचा. पहिल्या दोन मुलांनी 'छान' लिहिलं. वडीलधाऱ्या माणसाला आणखी काय लिहिणार? तिसरी एक नर्स होती. ड्यूटी संपवून तशीच आलेली, डोळे अर्धे मिटलेले. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यात तडकलेला आपला फोन काढला आणि अंगठ्याने पान सरकवू लागली. खाली नाही, आडवं.

"काका, 'पाळणा' दिसतोय. घर कुठं गेलं?"

'छान' लिहिणारे दोघं फिसकन हसले. नर्स हसली नाही. थकल्या आवाजात ती सांगत राहिली, की फोन लावायचं बटण शोधूनही सापडत नाही. कडेवर मूल घेतलेली बाई एका हाताने असं किती वेळ सरकवत बसेल? बंद करून मोकळी होईल.

"मी लांबून पाहिलं होतं. स्पष्ट दिसत होतं," पेंटर म्हणाला.

"लांबून कोण बघतं, काका? फोन नाकाशी असतो."

पेंटर कॉम्प्युटर बंद करून घरी आला.

रविवारी सकाळी चहा निवत ठेवून तो बसला. चूक सापडायला वेळ लागला नाही. प्रत्येक चौकटीची रुंदी त्याने पाटीसारखी मापून ठोकून टाकली होती. पाटी काही गिऱ्हाईक पाहून अंग चोरत नाही. आता एकेक माप काढायचं आणि चौकट किती रुंद हे पडद्यावर सोपवून द्यायचं. बाजूबाजूची चित्रं एकाखाली एक आली. बटण वर आलं. आठवडाभर राबून सावली दिलेलं मोठं नाव मात्र बोटाएवढं झालं. त्याच्याकडे तो बराच वेळ नुसता पाहत बसला. मग सावलीही काढून टाकली. एवढ्याशा अक्षराला ती चिखलासारखी दिसत होती.

दुपारी त्याने पान नर्सला पाठवलं आणि चष्मा काढून आडवा झाला. पुन्हा आडवं सरकलं, तर वहिनींना सरळ सांगायचं की भाच्याला बोलवा.

डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात वहिनींचा फोन वाजला. त्या हो, हो म्हणत होत्या. किती वर्षांची? हो, झोपवतो ना दुपारी. उद्या सकाळी घेऊन या.

फोन ठेवून त्या दारात आल्या. "भाऊजी, तुमच्या वर्गातल्या नर्सबाई. पानावरूनच फोन लावला म्हणे. मुलीला पाठवतायत."

पेंटर उठून बसला.

"आणि निरोप दिलाय. बटण अजून बारीक आहे, अंगठा बाजूलाच पडतो."

पेंटरने उशीजवळचा चष्मा चाचपला. "तुमचा फोन द्या जरा," तो म्हणाला, आणि पान उघडून अगदी नाकाशी धरलं.