वेल्कोकाकांचं रक्त

वेल्कोकाकांना दवाखान्यात नेलं ते बिस्त्रानेच. प्लोवदिव शहरातल्या त्या दवाखान्यात ती परिचारिका होती. दुखण्यावरची साधी गोळी, घरोघरी असते ती, रोज पूर्ण मात्रेत घेतली तर यकृतावर काय होतं याची चाचणी चालू होती. धडधाकट माणसं हवी होती.

बायको गेल्यापासून शेजारचे वेल्कोकाका डब्यातलं थंड खात. इथे सकाळी रक्त दिलं की चीज भरलेली गरम बानित्सा मिळायची, दुपारपर्यंत पत्त्यांचा डाव रंगायचा. माणसांत बसतील, एवढाच तिचा विचार होता.

"दारू घेता? घेत असाल तर ही गोळी चालायची नाही," डॉक्टर कांचेवांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

काकांनी बिस्त्राकडे पाहिलं. "लग्नकार्यात घोटभर."

कुंपणापलीकडे रोज संध्याकाळी घरी गाळलेल्या राकियाची बाटली उघडते, हे बिस्त्राला ठाऊक होतं. तिने मान खाली घातली आणि त्यांच्या दंडाला रबरी पट्टी बांधली. रक्ताच्या तपासणीत काहीच वावगं निघालं नाही. मग तिनेही मनाची समजूत घातली.

दुसऱ्या आठवड्यात यकृताचे आकडे चढू लागले. इतरांचेही थोडे चढले होते, पण काकांचे भलतेच. "गोळीनेच असेल. उद्या पुन्हा पाहू," डॉक्टर म्हणाल्या. बिस्त्राने बाटलीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी कुंपणाशी जाऊन मात्र म्हणाली, "काका, बाटली बंद करा हो."

"अगं, पत्त्यांत हरल्याचं दुःख नुसत्या पाण्याने जातं होय?" ते हसले.

सकाळी आले ते भिंतीला धरून. बानित्सा नको म्हणाले, ओकले. खिडकीच्या उजेडात त्यांचे डोळे पिवळे दिसले, तशी बिस्त्रा धावतच डॉक्टरांकडे गेली.

"रोज पितात. मला पहिल्यापासून माहीत होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि मी त्यांना आणखी एक दिवस गोळ्या दिल्या."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांना मोठ्या इस्पितळात हलवलं, सलाइनमधून उतारा दिला. बिस्त्रा उशाशी बसून राहिली. शुद्ध हरपली नाही एवढं नशीब. हळूहळू आकडे उतरले, काका बचावले. चाचणीतून त्यांचं नाव वगळलं. बिस्त्राला नवी माणसं निवडण्याच्या कामावरून काढून नुसतं रक्त घ्यायला ठेवलं. तिला ती शिक्षा फार थोडी वाटली.

घरी परतल्यावर काकांनी कुंपणावरून टोमॅटोची टोपली पुढे केली. "घे गं. तू बोललीस म्हणून जगलो."

"उशिरा बोलले, काका."

"खोटं तर मीच बोललो ना?" मग जरा थांबून, लाजत म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या गोळीला माणूस हवं असेल तर सांग हं. पिणं सोडलंय मी. तिथे चार माणसं भेटायची."

बिस्त्राने टोपली हातात घेतली. त्यांच्याकडे वर बघणं तिला जमलं नाही.