कर्ण्याची घरतपासणी

शाळेच्या शिपायाला सगळे 'कर्णा' म्हणत. प्रार्थनेआधी हा माणूस नुसता खाकरला, की शेवटच्या वर्गाची रांग सरळ व्हायची. मन लोण्याचं, पण पोटात बातमी म्हणून ठरत नसे.

शाळेचा नियम असा, की मूल याच भागात राहणारं हवं. लोक आत्याचा, मेहुण्याचा पत्ता देऊन पोरं घुसवत, म्हणून कर्णा घरं तपासून येई. तपासायच्या घरी मात्र तो कधीच जात नसे. "घरचे शिकवलेलंच बोलणार," असं म्हणून तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला गाठायचा.

अशात दुसरीत एक मुलगी आली. बाप तिच्या जिवावर उठलेला, म्हणून बालसुरक्षा कार्यालयातल्या बाईंनी तिला काही दिवस त्याच गल्लीत माडीवर राहणाऱ्या शिलाईवाल्या ताईंकडे ठेवलं होतं.

शाळेच्या मोठ्या बाईंनी कर्ण्याला बजावलं, "अशा मुलांना पत्त्याचा पुरावा लागत नाही. हिचं घर तपासायचं नाही."

"आणि कुणी आपल्याला गंडवलं तर, बाई?"

"तर गंडू आपण. तुम्ही तोंड उघडू नका."

कर्ण्याने मान डोलावली. पण पाय सवयीचे गुलाम. घरी जाताना इस्त्रीवाल्यापाशी थांबलेच.

"काय रे, शिलाईवाल्या ताईंकडे दुसरीतली पोरगी खरंच राहते ना?"

"असं होय? मला कुठे ठाऊक होतं!" इस्त्रीवाला खूश झाला. "आता लक्ष ठेवतो की."

आठवडा उलटला नाही, तोच फाटकाशी एक माणूस आला. आवाज इतका मऊ, की ऐकायला कर्ण्याला वाकावं लागलं.

"मामा, मी दुसरीतल्या नव्या मुलीचा काका. दप्तर विसरली बघा. कुठे राहते ती?"

दप्तर कोरं करकरीत होतं. पट्ट्याला किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती.

"अशी कुणी मुलगी नाही इथे," कर्णा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने एक बातमी गिळली.

"नसेल. कोपऱ्यावर विचारतो. लोक चांगले असतात हो, सांगतात."

कर्णा धावत मोठ्या बाईंकडे गेला आणि सगळं ओकला. बाई रागावल्या नाहीत, याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्यांनी फोन लावला. कार्यालयातल्या बाई गाडी घेऊन आल्या आणि मुलीला मागच्या दाराने घेऊन निघाल्या.

"माझं चित्र अर्धं राहिलंय," मुलगी म्हणाली. "उद्या येणार ना मी?"

कार्यालयातल्या बाईंनी गाडीचं दार लावून घेतलं. कुठे नेताय, हे कर्ण्यानेही विचारलं नाही.

"ताई फोन उचलत नाहीत," मोठ्या बाई म्हणाल्या. "मशीन चालू असेल. पोलिसांना कळवते मी, पण त्यांच्याआधी तुम्ही पोचाल. पळा."

कर्णा कोपऱ्यावर पोचला, तेव्हा इस्त्रीवाला तापलेली इस्त्री हातात धरून वरच्या खिडकीकडे बोट दाखवत होता. तो माणूस दप्तर घेऊन जिना चढू लागला होता. वर मशीनची खडखड चालूच होती.

"ताई! दाराला कडी लावा!" कर्णा छाती फुटेस्तोवर ओरडला.

खडखड थांबली. कडी वाजली. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

माणूस अर्ध्या जिन्यावर थांबला आणि सावकाश वळला.

"आवाज छान आहे तुमचा, मामा," तो मऊपणे म्हणाला. "तुम्ही शाळा सोडून इथे धावलात, म्हणजे पोरगी तिथून हलवलीय. आता तिला कुठे नेलंय, तेही तुम्हीच सांगाल."

कर्ण्याला ते खरंच ठाऊक नव्हतं. पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? माणूस एकेक पायरी खाली उतरू लागला.